‘लहान गावं पुढच्या वेळी’ : जपानबद्दलचा हा सल्ला का पटत नाही

जपानला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरही तो फिरत असतो: ‘टोकियो, क्योटो, ओसाका करा आणि परत या. कानाझावा, शिराकावा-गो, ताकायामा ही लहान गावं पुढच्या वेळी. तिकडे जाण्यात दिवस मोडतात, सात दिवसांचा जेआर पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे पास) काढल्याशिवाय परवडत नाही, इंग्रजी कोणाला येत नाही, शाकाहारी माणसाचे हाल होतात. आणि जुनं जपान बघायचं तर क्योटोत सगळं आहेच.’

सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण बहुतेकांच्या आयुष्यात ती पुढची वेळ येतच नाही. रजा, मुलांची सुट्टी, व्हिसा, विमानाचे पैसे हे सगळं एकदा जुळवतानाच नाकी नऊ येतात. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून बघायला हवा.

आधी दिवस मोडण्याचं बघू. मार्च २०१५ मध्ये होकुरिकू शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन कानाझावापर्यंत पोचली आणि टोकियोहून हे शहर अडीच तासांवर आलं. टोकियोहून क्योटोला जायलाही सव्वादोन तास लागतातच. कानाझावाहून शिराकावा-गो बसने सव्वा ते दीड तास, तिथून ताकायामा तासाभराच्या आत, ताकायामाहून हिदा एक्स्प्रेसने नागोया सुमारे अडीच तास आणि पुढे क्योटो पाऊण तासाच्या आत. म्हणजे क्योटोला जायचंच आहे, तर किनाऱ्याकडून न जाता डोंगरांमधून जायचं, इतकाच हा बदल. वाटेत तीन रात्री मिळाल्या तरी पुरतं. दिवस खरे मोडतात ते क्योटोत मुक्काम ठेवून तिथून ताकायामाला जाऊन परत येणाऱ्यांचे. ओसाकाकडून उलट दिशेने येणार असाल, तर एक जुनी माहिती विसरा: थंडरबर्ड गाडी आता थेट कानाझावाला जात नाही. मार्च २०२४ पासून त्सुरुगाला उतरून शिंकान्सेन धरावी लागते.

जेआर पासचा हिशेब तर पार बदललाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. वरच्या मार्गाची सुटी तिकिटं काढली, तर सगळं मिळून चाळीस हजार येनांच्या आत बसतं. शिवाय शिराकावा-गोच्या बसला तो पास चालतच नाही. मोठ्या बॅगांची काळजी असेल तर टोकियोच्या हॉटेलातूनच त्या ताक्क्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरियरने, क्योटोच्या हॉटेलात पाठवून द्या आणि तीन रात्रींपुरती पाठपिशवी घेऊन निघा. आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी हे नक्की करावं.

भाषेच्या भीतीवर फार बोलण्याची गरज नाही. स्टेशनांवरच्या पाट्या रोमन लिपीतही असतात, या तिन्ही ठिकाणी पर्यटकांसाठी माहिती केंद्रं आहेत आणि बाकी काम फोनवरचं भाषांतर करतं.

शाकाहाराचा मुद्दा मात्र खरा आहे, तो उडवून लावणं बरोबर नाही. अडचण मांसाची नाही, ते दिसतं तरी. अडचण दाशीची आहे: सुक्या बोनितो माशाचा अर्क सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्शात, भाज्या शिजवलेल्या पाण्यातसुद्धा असतो. पण ही अडचण टोकियोतही तितकीच आहे, तेव्हा ती फक्त गावांच्या माथी मारता येत नाही. काय चालत नाही हे जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा आणि त्यात माशाच्या दाशीचा वेगळा उल्लेख करा. मिन्शुकूत म्हणजे घरगुती निवासात राहणार असाल तर बुकिंग करतानाच विचारा. तिथला स्वयंपाक मोजून होतो, दारात पोचल्यावर सांगून उपयोग नसतो. घरात पक्के शाकाहारी असतील, तर ओसाकाहून दोनेक तासांवरच्या कोयासानला मंदिरात एक रात्र राहा. इसवी सन ८१६ मध्ये कूकाई या बौद्ध भिक्षूने वसवलेल्या या डोंगरावर भिक्षूंचं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, मिळतं, त्यात कांदा-लसूणही नसतो. तिथल्या ओकुनोइनच्या दफनभूमीतल्या दगडी स्तूपांवर सिद्धम् या भारतातून गेलेल्या जुन्या लिपीतली बीजाक्षरं कोरलेली दिसतात, ती बघताना आपल्या माणसाचे पाय थबकतातच.

आता सगळ्यात चुकीचा दावा: क्योटोत सगळं आहे. क्योटो ही सम्राटांची आणि मंदिरांची नगरी. तिची थोरवी कोणी नाकारत नाही. पण डोंगरातलं, सरंजामी जपान तिथे दिसत नाही. कानाझावा हे माएदा घराण्याचं शहर. त्यांच्या कागा संस्थानाचं उत्पन्न दहा लाख कोकू तांदूळ मोजलं जाई (एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ). शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, सोडला तर एवढा बडा सरदार दुसरा नव्हता. केन्रोकुएन बाग, नागामाचीतल्या सामुराई वाड्यांच्या मातीच्या भिंती, आजही तिथेच ठोकला जाणारा सोन्याचा वर्ख, हे सगळं त्या वैभवातून आलेलं. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर बॉम्ब पडले नाहीत, म्हणून ते बघायला मिळतं. याच संस्थानासाठी शिराकावा-गोजवळच्या गोकायामाच्या दुर्गम खेड्यांमध्ये दारूगोळ्याचा सोरा तयार होत असे. ताकायामाच्या हिदा प्रांतातलं लाकूड इतकं मोलाचं होतं, की १६९२ मध्ये शोगुनाने तो मुलूख थेट स्वतःच्या ताब्यात घेतला. त्या कारभाराची कचेरी, ताकायामा जिन्या, अजून उभी आहे. एकाच रस्त्यावर सरदार, त्याला माल पुरवणारी खेडी आणि शोगुनाचं जंगल भेटतं.

शिराकावा-गो आणि गोकायामाची गाश्शो, म्हणजे जोडलेल्या हातांसारख्या छपरांची, घरं १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बर्फ घसरून पडावं म्हणून गवती छपरं अतिशय उभट, आणि त्याखालच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. छप्पर शाकारायला अख्खं गाव जमण्याची रीत होती, तिला यूइ म्हणतात. या घरांमध्ये आजही कुटुंबं राहतात, त्यामुळे अंगणात शिरून फोटो काढू नका आणि सिगारेट तर अजिबात नको. गवताला आगीपासून किती जपावं लागतं हे तिथले लोकच जाणतात.

ज्यांच्या हातात जेमतेम पाच दिवस आहेत, त्यांनी टोकियो-क्योटोच करावं. बाकीच्यांनी आधी ओगिमाचीतली, म्हणजे शिराकावा-गोच्या मुख्य गावातली, खोली ठरवावी, कारण गावात घरं थोडी आहेत. मग आरक्षण लागणाऱ्या बसची जागा आणि शेवटी रेल्वे. २९ एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा गोल्डन वीक टाळा. १४-१५ एप्रिलला किंवा ९-१० ऑक्टोबरला ताकायामाचे उत्सवरथ बघायचे असतील, तर तिथली खोली कित्येक महिने आधी घ्या. आणि हिवाळ्यात शिराकावा-गोची रोषणाई बघायला आगाऊ नोंदणी लागते, नुसतं बसमधून उतरून ती बघता येत नाही.