कोणाचे हे?

मंगळवारी सकाळी क्लायंटसमोर डेमो. लॉगिन केलं की तीन सेकंदांनी 'नमस्कार, अमुकअमुक' असं उमटायला हवं होतं. उमटलं 'नमस्कार,' आणि पुढे काहीच नाही. स्वल्पविराम मात्र ठसठशीत. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "नाव घ्यायला लाजतंय वाटतं तुमचं सॉफ्टवेअर!" सगळे हसले. मॅनेजर जरा जास्तच हसला. अप्रेजल तोंडावर आलंय.

चूक जावास्क्रिप्टमधल्या एका ओळीची. सेटटाइमआउटच्या, म्हणजे सांगितलेलं काम ठरल्या वेळानं करणाऱ्याच्या, हाती मी नुसतं 'धिस डॉट ग्रीट' ठेवलं, म्हणजे 'ह्याचा नमस्कार'. तीन सेकंदांनी ते चाललं तेव्हा आतला 'धिस', म्हणजे ज्याच्या वतीनं काम चालतं तो, माझा युजर राहिलाच नव्हता, ब्राउझरचा विंडो झाला होता. आणि विंडोलाही 'नेम' असतं, बहुतेक वेळा रिकामं. त्यामुळे लाल अक्षरात एररसुद्धा नाही. दुपारी तीनपर्यंत मी बॅकएंडवाल्यांशी विनाकारण भांडलो.

शेवटी ओरडलोच, "हा धिस आहे तरी कोण?"

आत्या शेजारी मटार सोलत होती. "धिस म्हणजे रे?"

"हे."

"कोणाचे हे?"

"कोणाचे नाहीत गं! इंग्रजीतलं हे."

"तेच विचारतेय. मी 'आमचे हे' म्हटलं तर तुझे काका. खालच्या वहिनी म्हणाल्या तर त्यांचे. मागे लग्नाला जाताना वहिनींना सांगून गेले, आठ वाजले की ह्यांना बीपीची गोळी द्या. दिली हो तिनं, बरोब्बर आठला. आपल्या नवऱ्याला."

"त्यांनी घेतली?"

"बायकोनं दिली म्हणजे घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गरगरत होते बिचारे, पण चकार शब्द नाही. तेव्हापासून मी डबीवर नावच लिहून देते."

मी गप्प. माझी नोकरी नऊ वर्षांची, तिची शेंग अजून सोलून व्हायची होती.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत आमच्याकडे गणपती येऊन जातात. ह्या 'धिस'चं विसर्जन मात्र कोणी करेना. आधी लोक 'सेल्फ इज इक्वल टू धिस' अशी पदराला गाठ मारून ठेवायचे. डबीवर नाव लिहायची सोय, म्हणजे बाइंड, भाषेत आली 2009 साली. जिथे लिहिलं तिथलाच 'धिस' धरणारं अ‍ॅरो फंक्शन आलं 2015 साली. म्हणजे वीस वर्षं जगभरच्या वहिनी आपापल्या नवऱ्यांना गोळ्या चारत होत्या, आणि इंटरव्ह्यूत प्रश्न विचारून फजिती कोणाची करायची? आमची!

संध्याकाळी शेवटी 'डॉट बाइंड धिस' जोडलं. नाव आलं. मॅनेजरला कळवलं, तर उत्तर, 'अखेर उखाणा घेतला म्हणायचा!' मी हसरा चेहरा पाठवला. माझा नव्हता तो.

आत्यानं तोवर खालच्या वहिनींना फोन करून सांगितलंही होतं, की आमच्या भाच्याला एवढ्या पगारात 'हे' कोण ते कळत नव्हतं.