१ मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ अणू? कशाचे ते आधी बघा

बारावी-नीटवाल्या पोरांच्या ग्रुपवर एक नोट धडाधड फॉरवर्ड होतेय: "कुठलाही पदार्थ १ मोल घ्या, अणू ६.०२२ × १०^२३. जड धातूत अणू जास्त. २२.४ लिटर म्हणजे १ मोल. हा आकडा ॲव्होगाड्रोने मोजला." चारही वाक्यांत घोळ आहे आणि पोरं हेच पाठ करतायत, म्हणून लिहितोय.

पहिलं वाक्य. मोल म्हणजे डझनासारखी मोजणी, ६.०२२ × १०^२३ कण, मग ते अणू असोत की रेणू. १८ ग्रॅम पाण्यात १ मोल असतात ते रेणू, आणि एका रेणूत अणू तीन, म्हणजे अणू झाले १.८०७ × १०^२४, सरळ तिप्पट. मोरचुदाला तर लोक हमखास फसतात. द्राक्षबागेत बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी वापरतात तोच निळा खडा, त्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकात बसलेले असतात, खडा तापवला की ते उडून जातात आणि निळा रंग जाऊन पांढरी पावडर उरते. त्यामुळे मोलर वस्तुमान (१ मोलचं वजन, ग्रॅममध्ये) पाण्यासकट २४९.७ धरायचं, पाण्याशिवायचं १५९.६ नाही. ५ ग्रॅम मोरचूद घेतला तर ५ भागिले २४९.७ म्हणजे ०.०२००२ मोल, तांब्याचे अणू १.२०६ × १०^२२, आणि एका एककात एकूण अणू २१ (तांबं १, गंधक १, ऑक्सिजन ९, हायड्रोजन १०) म्हणून सगळे मिळून २.५३ × १०^२३. पाणी विसरलात तर तांब्याचेच अणू दीडपटीहून जास्त येतात, आणि उत्तर दिसायला अगदी बरोबर वाटतं.

जड धातूत अणू जास्त? उलट आहे. १० ग्रॅम सोन्यात ३.०६ × १०^२२ अणू, तेवढ्याच ॲल्युमिनियममध्ये २.२३ × १०^२३, सातपटीहून जास्त. सोन्याचा एकेक अणूच जड, मग तेवढ्या वजनात कमीच मावणार ना.

ॲव्होगाड्रो या शास्त्रज्ञाने हा आकडा मोजलाच नाही. त्याने १८११ मध्ये मांडलं की सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूही सारखेच, आणि १८५६ मध्ये तो वारला. लोश्मिट या शास्त्रज्ञाने रेणूंच्या आकाराचा अंदाज बांधला, ज्यावरून असा आकडा काढता येतो, तो १८६५ मध्ये, आणि या आकड्याला ॲव्होगाड्रोचं नाव दिलं जाँ पेराँ या शास्त्रज्ञाने, १९०९ मध्ये. २० मे २०१९ पासून तर तो मोजायचाच नाही, व्याख्येनेच ६.०२२१४०७६ × १०^२३ ठरलाय.

राहिले २२.४ लिटर. ते फक्त वायूला, तेही ०° सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला. दाब १ बार दिला असेल तर २२.७ घ्या. आणि द्रव पाण्याला हे लावूच नका, त्याचा १ मोल जेमतेम १८ मिलिलिटर भरतो.