माडाचा कल आणि पोराचा कल

दहावीचा निकाल लागला की आमच्या सिंधुदुर्गात घराघरात एकच प्रश्न, पोराचा कल कुठे आहे. २०१६ साली बोर्डाने त्यासाठी खास कल चाचणी सुरू केली होती, पण खरं सांगू का, चाचणीबिचणी हवी कशाला, किनाऱ्यावरचा माड बघा, तो बरोबर पाण्याकडे कलतो आणि आमचं पोर बरोबर तुतारी एक्स्प्रेसने दादरकडे. तरी कुणाला शंका असेल तर हा घ्या फुकटचा सल्ला.

आधी आपल्यातला उपजत गुण हेरा. तिठ्यावर अर्ध्या कप चहात तीन तास गजाली मारता येतात? मग तुम्ही जमिनीचे एजंट व्हा. समोर नुसती करवंदाची जाळी असताना गिऱ्हाइकाला सी व्ह्यू दाखवायचा, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

भावकीशी भांडायची आवड आहे? उत्तम. वकील व्हा म्हणणार होतो, पण वकील कशाला, नुसते पक्षकार झालात तरी जन्माची सोय होते. सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, दोन मुंबईत आणि एक आपण मेलो नाही हे सिद्ध करायला तहसीलला खेपा घालतोय. तुम्ही फक्त तारखेला ओरोसला जायचं, मिसळ खायची, पुढची तारीख घेऊन संध्याकाळच्या एसटीने परत. रिटायरमेंट नाही, बदली नाही आणि तुमच्या मागे पोराला तीच केस अनुकंपा तत्त्वावर मिळते.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर इंजिनिअर आहातच. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाला २०११ साली पनवेलकडून सुरुवात झाली, तेव्हापासून आमच्या प्रत्येक पडवीत एकेक तज्ज्ञ बसलेला आहे. डिग्री लागत नाही, आरामखुर्ची लागते.

काही गुण मात्र चुकून दिसलेच तर तिकडे काणाडोळा करा. समजा पोरगं माडावर सरसर चढतंय, नारळावर बोटाने टकटक करून सांगतंय की हा तयार झालाय आणि तो शहाळ्याचा आहे, पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर पाय कुठे ठेवायचा ते त्याला न सांगता कळतंय, तर घाबरून जाऊ नका, खाली उतरवा आणि कॉम्प्युटरच्या क्लासला घाला. याला टॅलेंट म्हणत नाहीत, याला अंगमेहनत म्हणतात. टॅलेंट एसीत असतं. पाण्याचा रंग आणि वरची पाखरं बघून मासळी कुठे आहे ते सांगणाऱ्या तांडेलाचंही तेच, त्याच्या पोराच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात ‘मजुरी’ लिहून मोकळे व्हा.

दशावताराचा नाद लागला असेल तर मग विचारूच नका. लिहिलेली संहिता नाही, संध्याकाळी कथा ठरली, पात्रं वाटली की झालं, रात्रभर पेटी-पखवाजाच्या साथीवर उभ्या उभ्या संवाद रचायचे, समोरचा काय बोलेल त्याचा पत्ता नाही आणि तरी पहाटेपर्यंत जत्रा जागेवरून हलत नाही. तोच राजपार्टी, म्हणजे रात्रीचा राजा, सकाळी तोंडावरचा रंग पुसून शेतात चिखलात उभा दिसतो, तेव्हा आपण स्कूटर थांबवून प्रेमाने विचारायचं, “बाकी करतंस काय?” आणि स्लाइडवरचं वाचताना तीनदा अडखळणाऱ्या भाच्याचं मात्र कम्युनिकेशन स्किल जबरदस्त, पॅकेजच तसं आहे.

माझा स्वतःचा कल सल्ले देण्याकडे, ते एव्हाना कळलंच असेल. घरामागे चौदा माड आहेत, सुके नारळ आपणहून धडाधड पडतायत, परवा न्हाणीघराची चार कौलं गेली आणि शेजारीण तिकडून जाताना हल्ली डोक्यावर घमेलं धरते. वाडीत पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, उरलाय एकच, साठी उलटलेला. त्याचा मुलगा बापापेक्षा भारी चढायचा, पण तो आता पुण्यात कॉल सेंटरला (मीच सुचवलं होतं). म्हाताऱ्याला महिनाभर फोन केले तेव्हा कुठे उचलला, म्हणाला, “बुधवारी येतंय.” कुठल्या बुधवारी ते विचारायची हिंमत झाली नाही. पूर्वी त्याला रस्त्यातून ‘अरे ए’ करून हाक मारायचो, आता फोनवर ‘तात्यानू’ म्हणतो.