घरच्या घरी व्हिस्कीपारखी

मराठी माणूस दारू पीत नाही, हे आधी लक्षात घ्या. तो 'घेतो'. तो 'बसतो'. फारच झालं तर त्याने 'थोडी लावलेली' असते. पितो तो नेहमी दुसराच कोणीतरी, बहुधा मेव्हणा. या क्रियापदांत हल्ली एक भर पडली आहे आणि तुमचं कल्याण तिच्यातच आहे: 'टेस्टिंग'. शुक्रवारी रात्री चार जण गॅलरीत बाटली घेऊन बसले तर तो अड्डा. तेच चौघे डायनिंग टेबलावर पांढरा कागद अंथरून, समोर वही-पेन ठेवून बसले तर तो अभ्यास. वही विसरू नका. वही नसेल तर तुम्ही पुन्हा गॅलरीत.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसून प्यायची तरी परवाना लागतो. मूळ कायदा 1949 चा, दारूबंदीचा. एक दिवसाचा परवाना 5 रुपयांना, आजन्म 1000 ला. आजन्मच काढा. शुक्रवार-शनिवार धरलात तरी दोन वर्षांत वसूल होतो, आणि फ्रेम करून पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी लावता येतो. पदवीचा तरी दुसरा काय उपयोग झाला? आणि परवान्याला हसू नका. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हा तिथल्या सभ्य माणसांना डॉक्टरची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानातून व्हिस्की आणावी लागे. आपल्याकडे निदान खोकल्याचं नाटक करावं लागत नाही.

मग ग्लास. चहाच्या पुड्याबरोबर फुकट मिळालेला चालणार नाही. ग्लेनकेर्न नावाचा ट्युलिपच्या आकाराचा ग्लास 2001 साली स्कॉटलंडमध्ये निघाला, तोच हवा. पोट फुगीर, तोंड आवळलेलं, त्यामुळे वास आत साठतो आणि नाकाशी एकत्र येतो. नीट बघितलंत तर आपला गडूच, फक्त काचेचा; पण हे पाहुण्यांना सांगू नये. माणशी सहा घ्या. आणि ते धुवायचं काम कामाच्या मावशींवर सोपवू नका, त्यांना काय कळतंय त्यातलं. मी स्वतः धुतो, लख्ख.

बाटल्यांचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. 2025 मध्ये स्कॉचवर आयात शुल्क 150 टक्के होतं, त्यात राज्य सरकारने 2025 च्या जूनमध्ये उत्पादन शुल्क वाढवून ठेवलेलं. ब्रिटनशी 24 जुलै 2025 ला करार झाला आहे. त्यात स्कॉचवरचं शुल्क आधी 75 टक्क्यांवर आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. तोवर आपलं यकृत राहिलं पाहिजे. म्हणून मी म्हणतो, पारखी व्हायला जीभ लागत नाही, भाचा लागतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. तुमची आवड काय, हे भाचा कुठे नोकरीला आहे त्यावरून ठरतं. भाचा डब्लिनमध्ये असेल तर तुम्ही आयरिश शैलीचे जाणकार. दुबईत असेल तर तुम्ही उदारमतवादी, कारण तिथून येताना काहीही मिळतं. माझा एक मित्र गेली तीन वर्षं बर्बनचा, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीचा, गाढा अभ्यासक होता. भाचीची ऑस्टिनची नोकरी गेल्यापासून तो 'आपल्या मातीतल्या' व्हिस्कीकडे वळला आहे.

पाहुणे जमले की पहिला घोट घेण्याआधी दहा मिनिटं बोला. व्हिस्की हा शब्द स्कॉटलंड-आयर्लंडच्या गेलिक भाषेतून आला, मूळ अर्थ 'जीवनाचं पाणी', इथून सुरुवात करा. यावर कुणी संस्कृत शिकलेला असेल तर म्हणेल की जीवन म्हणजेच पाणी, मग हे पाण्याचं पाणी झालं. त्याला पुढच्या वेळी बोलावू नका. त्यानंतर सांगा की आयरिश आणि अमेरिकन लोक इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ई' जास्त घालतात. देवनागरीत दोन्हींचं 'व्हिस्की'च होतं, त्यामुळे मुद्दा कुणाला दिसत नाही, पण सांगताना भुवई वर गेली पाहिजे.

आता ग्लास ट्यूबलाइटसमोर धरा आणि रंगावर बोला. 'गडद आहे, म्हणजे चांगलीच मुरलेली दिसते.' स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला कायद्याने मुभा आहे, म्हणजे साध्या भाषेत जळलेल्या साखरेचा रंग. तेव्हा तुम्ही कदाचित साखरेचंच कौतुक करताय, हे विसरून जा. बर्बनमध्ये मात्र असा रंग चालत नाही. तिथे निदान 51 टक्के मका लागतो आणि पिंप ओकच्या लाकडाचं, कोरं करकरीत आणि आतून जाळलेलं लागतं. दरवेळी नवं म्हटल्यावर जुन्या पिंपांचं करायचं काय? ती जातात स्कॉटलंडला, आणि निदान तीन वर्षं मुरवलेली, तुम्ही जिच्यापुढे मान झुकवता ती स्कॉच बरेचदा त्या सेकंडहँड पिंपांतच झोपलेली असते. स्कॉट माणसाची काटकसर आपल्या सदाशिव पेठेला कळेल तितकी कुणाला कळणार नाही.

गावाकडची कुणी मंडळी असतील तर एक सावधगिरी बाळगा. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' ही सर्वोच्च पदवी. स्कॉटलंडच्या भट्टीत पहिली धार बाजूला काढतात, कारण तिच्यात नको ते सगळं आधी उडून आलेलं असतं. शेवटचीही काढतात आणि फक्त मधली पिंपात भरतात. म्हणजे आपले आजोबा ज्याची शपथ घेत, ते तिथे पुन्हा गाळायला पाठवतात. हे मी एकदा आमच्या सांगलीच्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणूनच त्यांना तीन वर्षं वाट बघावी लागते.'

या सांगलीकराला टेस्टिंगला बोलावण्यात धोका असतो. भारतात व्हिस्की म्हणून जे खपतं त्यातल्या पुष्कळशा मालाचा पाया धान्याचा नसून मळीचा असतो, म्हणून युरोपात तो व्हिस्की या नावाने विकताच येत नाही. तुम्ही-आम्ही हे वाचून बोलतो. त्याचं बालपण साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला गेलं आहे. ग्लास नाकाजवळ नेण्याआधीच तो म्हणतो, 'गळीत हंगाम चालू झालाय.' त्याला म्हणावं, असं नाही बोलायचं. 'टॉफी, त्यामागे हलका मसाला' असं म्हणायचं.

कारण सगळा खेळ शब्दांचा आहे. आपल्या नाकाला ठाऊक असलेला एकही वास वहीत येता कामा नये. काकवी, चुलीवरचं दूध, पावसाळ्यात ओलं झालेलं गोणपाट, ट्रंकेतली डांबरगोळी, हे सगळं बाद. हेदर लिहा, म्हणजे स्कॉटलंडच्या माळावरचं फुलझाड. मी स्वतः हेदर पाहिलेलं नाही, पण गेल्या वर्षी मला ते नऊ वेळा आढळलं. ख्रिसमस केक लिहा. समुद्री वारा लिहा, मात्र तो स्कॉटलंडचा असावा. भाऊच्या धक्क्याचा समुद्री वारा वेगळा, त्याला गुण मिळत नाहीत. गुण शंभरपैकी द्या आणि ऐंशीच्या खाली उतरू नका. अर्धा गुण अवश्य ठेवा. 87 दिले तर माणूस अंदाजाने बोलतोय असं वाटतं, साडेसत्याऐंशी दिले की मोजून बोलतोय.

भारतीय सिंगल माल्टला, म्हणजे एकाच भट्टीतल्या, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीला, हल्ली चांगलं म्हणावंच लागतं. बंगळुरूच्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट आधी थेट ग्लासगोत नेऊन उतरवली. कंपनी 1948 ची, जगदाळे कुटुंबाची. जगदाळे हे आडनाव उच्चारलं की टेबलावरचा प्रत्येक जण न चाखता दोन गुण वाढवतो, हा माझा अनुभव. इथे वयाचा मुद्दा कुणी काढला तर हवामान सांगा. पिंपातून दरवर्षी थोडी दारू उडून जाते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडात तो साधारण 2 टक्के, बंगळुरूच्या हवेत 10 च्या वर. आपले देवदूतही पीत नाहीत, घेतात.

पाण्याबद्दल लोक भांडतील. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर दाखवून दिलं की थोडं पाणी घातलं की ग्वायकॉल नावाचा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे वास खुलतो. तेव्हा ड्रॉपरने दोन थेंब टाका, डोळ्यांत औषध घालतात तसे. सोडा मागणाऱ्याकडे मात्र दयेने बघा. त्यावर तो म्हणेल की जपानी लोक तर सोडा आणि बर्फ घालून उंच ग्लासात पितात. त्याला सांगा, जपान्यांबद्दल बोलायचं असतं, जपान्यांसारखं प्यायचं नसतं. आणि स्कॉटलंडच्या भट्ट्यांतले खरे ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की मिसळणारे तज्ज्ञ, पाणी घालून दारू 20 टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि दिवसभर नुसत्या नाकाने काम करतात, घोट क्वचितच घेतात, ही माहिती टेबलावर काढू नका. लोक उठून जातील.

शेवटी आमचं दिवाळीनंतरचं टेस्टिंग सांगतो, म्हणजे प्रत्यक्ष कसं करायचं ते कळेल. माणशी सहा ग्लास, प्रत्येकात 15 मिली, वर बशा झाकलेल्या. बेरीज करू नका. माणसं चार: मी, सांगलीकर, बँकेतला मित्र आणि भावजी. चकण्याला बंदी, जिभेची चव बिघडते म्हणून. सांगलीकराच्या खिशात शेंगदाणे होते ते नंतर कळलं. मधे पाण्याचा तांब्या. पहिलीच स्कॉटलंडच्या आयला बेटाची, लॅफ्रॉइग, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर सुकवलेल्या बार्लीची. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग बँकवाल्याने डोळे मिटून सांगितलं, 'लिंबूवर्गीय.' मी पुन्हा हुंगलं, आणि खरंच होतं. धुराच्या मागे, अगदी स्पष्ट. दुसऱ्या ग्लासात पुन्हा तेच. आयरिशमध्ये तर भावजींनासुद्धा आलं, आणि भावजींना एरवी गॅस चालू राहिला तरी वास येत नाही. सहाही शैलींना जोडणारा एक धागा आमच्या हाती लागला होता. आम्ही जरा हळू आवाजात बोलू लागलो.

तेवढ्यात सासूबाई ब्लडप्रेशरची गोळी घ्यायला पाण्यासाठी बाहेर आल्या. सिव्हिल हॉस्पिटलात चौतीस वर्षं सिस्टर होत्या, दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. दारातच थबकल्या.

'कुणाला लागलंय का हो?'

'नाही आई.'

'मग ड्रेसिंगचा वास कसा? आयोडोफॉर्मचा आहे.' टेबलाजवळ आल्या, लॅफ्रॉइगचा ग्लास उचलून एकदा हुंगला आणि 'हा बघा' म्हणून खाली ठेवला. मग दुसरा उचलला. 'हे स्पिरिट आणि बेदाणे.' बर्बनला म्हणाल्या, 'जास्त पिकलेली केळी, आणि सुताराकडचा भुसा.' सांगलीकराने शेंगदाणे चघळायचं थांबवलं आणि स्वतःहून मळीवाला ग्लास पुढे सरकवला. 'कफ सिरप. मुलांचं,' आई म्हणाल्या. सगळं मिळून दीड मिनिटही गेलं नसेल.

पाणी प्यायला भांडं शोधू लागल्या. भावजींनी अदबीने उठून आपला रिकामा झालेला ग्लेनकेर्न पाण्याने विसळून, तांब्यातलं पाणी भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाशी नेला, थांबल्या आणि परत टेबलावर ठेवला.

'हे कुणी घासलेत?'

'मी,' मी म्हणालो.

'साबण नीट गेलेला नाही. लिंबाचा वास मारतोय नुसता.'

स्टीलचा पेला घेऊन त्या आत गेल्या. वही उघडी होती. सहाव्या पानावर बँकवाल्याने 'लिंबाची साल, दीर्घकाळ रेंगाळणारी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.