वायरलेस म्हणालात ना?

काल रात्री साडेअकरा वाजता माझे सासरे माझ्या टेबलावरच्या वायरी मोजत होते. बोट लावून, मोठ्याने.

"तेरा," म्हणाले. "वायरलेस म्हणालात ना जावईबापू?"

झालं असं की इअरबड्सच्या डबीचं चार्जिंग सॉकेट ढिलं झालं. पिन तिरकी खुपसून वर जाड पुस्तक ठेवलं की चार्ज व्हायचं, मग तेही बंद. दुरुस्तीवाला डबी हातात न घेताच म्हणाला नवीन घ्या. हे जाम डोक्यात जातं, दाण्याएवढं सॉकेट गेलं म्हणून अख्खी वस्तू कचऱ्यात, आणि उघडायला जावं तर एक स्क्रू नाही, सगळं गोंदाने चिकटवलेलं, म्हणजे तुम्ही उघडूच नये हाच बेत. म्हटलं थांबा, वायरलेसच करतो. फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवून ठेवलंय की एका कॉइलमधला, म्हणजे तारेच्या भेंडोळ्यातला, करंट सारखा बदलत ठेवला की शेजारच्या कॉइलमध्ये आपोआप व्होल्टेज तयार होतं. मग काय, तांब्याची तार, एक ट्रान्झिस्टर, चार डायोड, एक रेग्युलेटर. तीन दिवस गेले.

टॉर्च धरायला सासरे स्वतःहून बसले. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस.

"ही वायर भिंतीतून निघणार?"

"हो."

"टेबलावर येऊन ह्या भेंडोळ्यात शिरणार. डबीच्या पाठीला दुसरं भेंडोळं, त्यातून परत वायरी आत. बरोबर?"

"बरोबर."

"मग वायर नाही ती नेमकी कुठे?"

मी दोन कॉइलमधली फट दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टॉर्च जवळ नेला.

"किती असेल?"

"तीन मिलिमीटर."

"वाढवता नाही येत?"

"वाढवली की पॉवर धपकन पडते."

बराच वेळ शांतता. मग अत्यंत आदराने, "म्हणजे तीन दिवस खपून तुम्ही तीन मिलिमीटर वायर वाचवलीत."

आतल्या खोलीतून बायकोचं हसू ऐकू आलं. भाऊ असता तर सोल्डरिंग आयर्न दाखवलं असतं, सासऱ्यांना काय दाखवणार!

बरं, एवढं ऐकून घेऊनही तपासायला लावलेला एलईडी लागेना. ट्रान्झिस्टर बदलला, वेढे परत मोजले, पंधरा, मध्ये टॅप (जोडणीसाठी बाहेर काढलेली तार), परत पंधरा. सगळं बरोबर. मल्टिमीटर म्हणतोय कुठे काही जोडलेलंच नाही.

"एक विचारू का? सकाळी तुम्हीच सांगितलंत, वेढे एकमेकांना टेकले तरी शॉर्ट होत नाहीत, तारेवर इनॅमलचा थर असतो."

"हो, असतो."

"मग टोकांना नसतो का?"

...

पॉलिश पेपरने टोकं घासली. एलईडी लागला. ते काहीच बोलले नाहीत, आणि त्याचाच राग जास्त आला.

पुढे डायोड तापले, कारण मी घरात पडलेले ४००७ नंबरचे लावले होते. डायोडने करंट एकाच दिशेने जाऊ द्यायचा, उलटा आला की बंद व्हायचं. हे घरच्या ५० हर्ट्झच्या विजेचे, इथे करंट सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होतो, ते बिचारे वेळेवर बंदच होत नाहीत. जुन्या अडॅप्टरमधून शॉटकी, म्हणजे झटपट बंद होणारे डायोड, काढून लावले. विकतच्या वायरलेस चार्जिंग पॅडचं बरं असतं, फोन त्याला सांगतो किती पॉवर पाहिजे, पॅड तेवढीच देतो. माझं भेंडोळं बहिरं. वर काही असो नसो, आपलं तापत बसतं.

पण आज पहाटे डबीचा लाल दिवा लागला! फक्त कॉइलवरून बोटभर सरकली की विझतो, आणि पाठीवरच्या भेंडोळ्यामुळे डबी सपाट बसत नाही, सरकतेच. म्हणून वर काहीतरी वजन ठेवलं.

सासरे चहा घेऊन आले, वाकून बघितलं.

"हे तेच पुस्तक ना?"