मंजुरीस्तव सादर

ज्या माणसाचे निम्मे आयुष्य दुसऱ्यांच्या खरेदीवर आक्षेप काढण्यात गेले आहे, त्याने स्वतःसाठी लाखाच्या वर किमतीची वस्तू घ्यायला निघावे, यासारखी दुसरी आपत्ती नाही. मी एका कार्यालयात लेखा शाखेत बसतो. खुर्च्या असोत की प्रिंटरचे टोनर, तीन दरपत्रके आल्याखेरीज, तुलनात्मक तक्ता लागल्याखेरीज आणि ‘सदर खरेदीची निकड काय?’ असा शेरा एकदा तरी पडल्याखेरीज माझ्या टेबलावरून कागद पुढे सरकत नाही. त्यामुळे पक्ष्यांच्या छायाचित्रांसाठी निकॉनची २००-५०० मिलिमीटरची टेलिफोटो झूम लेन्स (दूरचे जवळ आणून दाखवणारी; मिलिमीटर जितके जास्त, तितके चित्र मोठे) घ्यावी असे मनात आले, तेव्हा अर्जदारही मी आणि आक्षेप काढणाराही मीच, अशी माझी अवस्था झाली. मंजुरीचे अधिकार अर्थातच दोघांकडेही नाहीत. ते स्वयंपाकघरात आहेत.

निकड सिद्ध करणे सोपे जाईल असे वाटले होते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या बाजूला गेले की नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदके, पट्टकदंब हंस आणि नशीब जोरावर असेल तर रोहितही (फ्लेमिंगो) दिसतात; पण माझ्या ७०-३०० च्या लेन्समधून हे सगळे एकाच जातीचे, म्हणजे ठिपक्यांच्या जातीचे वाटतात. मग मी हिशेबाला बसलो. चक्रवाक लांबीला साधारण साठ-पासष्ट सेंटिमीटर असतो. तो शंभर मीटरवर बसला असेल, तर माझ्या कॅमेऱ्याच्या साडेतेवीस मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर (चित्र जिथे उमटते त्या पट्टीवर), ३०० मिलिमीटरला, त्याची प्रतिमा दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही; चौकटीच्या रुंदीचा साधारण तेरावा हिस्सा. ५०० मिलिमीटरला तोच आठवा हिस्सा होतो. लाखभर रुपये खर्चून बदक तेराव्या हिश्श्यावरून आठव्यावर आले, ही प्रगती कागदावर उतरवताना माझाच हात अडखळला. शिवाय चक्रवाक शंभर मीटरवर थांबतो हे माझे गृहीतक आहे. त्यावर चक्रवाकाची सही नाही. तो दोनशे मीटरवर जाऊन बसला, तर सगळे हिस्से पुन्हा निम्मे.

पक्षी जवळ येण्याचा एक बिनखर्ची मार्ग आहे, पण तो नस्तीवर लिहिण्यासारखा नाही. धरण आटले की काठचा चिखल उघडा पडतो, आणि तुतवारांपासून चित्रबलाकांपर्यंत सगळे उथळ पाण्यात, माणसाच्या बऱ्याच जवळ, चरायला उतरतात. म्हणजे माझ्या छंदाला जे वर्ष चांगले, ते मराठवाड्याला वाईट. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाकडे अर्धा मराठवाडा डोळे लावून बसलेला असतो, ‘जायकवाडी किती टक्के?’ हा पावसाळ्यातला पहिला प्रश्न असतो, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडावे म्हणून नगर-नाशिकशी भांडणे होतात. अशा मुलखात ‘यंदा जरा कमीच भरले तर बरे’ असा विचार ज्याच्या मनाला शिवतो, त्याने मुकाट्याने लेन्स विकत घेतलेली बरी. निकडीच्या रकान्यातला माझा सर्वांत प्रामाणिक मुद्दा हाच होता, आणि तोच मी वगळला.

दरपत्रकांचे प्रकरण निराळे. एका दुकानदाराने पक्क्या बिलाचा एक भाव सांगितला आणि मग आवाज खाली आणून बिलाशिवायचा दुसरा. बिलाशिवायच्या लेन्सला वॉरंटी कुणाची, असे विचारल्यावर त्याने छातीवर हात ठेवला. अठरा टक्के जीएसटीच्या बदल्यात छातीवरचा हात स्वीकारण्याची तरतूद कोणत्याही लेखासंहितेत नसल्याने ते दरपत्रक बाद झाले. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने मला भावच सांगितला नाही. माझा कॅमेरा हातात घेऊन, आजोबांची काठी न्याहाळावी तशा कौतुकाने न्याहाळत तो म्हणाला, “सर, तुम्ही म्हणता ती लेन्स २०१५ ची. आता मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा, जमाना आहे. १८०-६०० घ्या ना, २०२३ मध्ये आली.” ती लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसत नाही, हे मी सांगितले. “म्हणूनच तर बॉडी बदला,” तो म्हणाला. बॉडी म्हणजे कॅमेराच; एका लेन्सचा प्रस्ताव दोन वस्तूंवर गेला. मी सिग्मा आणि टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या १५०-६०० चाही तक्त्यात समावेश केला आणि प्रकरण पूर्णपणे न्याय्य व अनिर्णीत केले.

वापरलेली लेन्स घेण्याचाही विचार केला. ती टॉर्चच्या उजेडात तिरकी धरून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहायचे असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेतल्या लेन्सबद्दल धास्ती घ्यावी लागते. आमच्याकडची कोरडी हवा या एका बाबतीत तरी विकासाला पोषक ठरते, हे अनुशेषाची चर्चा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दरम्यान, गावाकडून दादाचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवली, याचा तपास करण्यात अर्थ नव्हता. ती स्वयंपाकघरातूनच गेली होती. त्याने प्रथम किंमत विचारली, मग थोडा वेळ तो काही बोललाच नाही. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि बाजारात माल त्याच्याही खाली जात होता. म्हणजे ही लेन्स वीस क्विंटलच्या बरीच वर भरते, हा हिशेब तो मनात करत असणार. मग म्हणाला, “आरं, ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून आम्ही गोफण घिऊन दिवसभर माळ्यावर उभं ऱ्हातो, आन् तू पाखरं जवळ आणायला लाख रुपये घालायलास?” लेखा शाखेतल्या एवढ्या वर्षांत मी इतका नेमका आक्षेप लिहिलेला नाही.

सौभाग्यवतींनी आक्षेप घेतले नाहीत. त्यांनी फक्त माहिती मागवली. लेन्सचे वजन किती, या प्रश्नाला मी ‘दोन किलो तीनशे ग्रॅम, कॅमेऱ्यासह तीन किलोच्या आसपास’ असे खरे उत्तर दिले. “अहो, मग औरंगपुऱ्यातून भाजीची पिशवी आणताना तुमच्या मानेत चमक येते ती कितव्या किलोला?” हात हलला तरी चित्र हलू न देणारी सोय त्या लेन्समध्ये आहे, असे मी सांगितले. पक्षी हलला तर काय, असे त्यांनी विचारले. ती सोय फक्त माझ्या हातापुरती आहे. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो आणि तेवढ्यात पुरेसा उजेड मिळायला ऊन वर यावे लागते. आणि ऊन वर आले की तापलेल्या काठावरची हवा थरथरू लागते, मग कितीही महाग लेन्स लावा, ती थरथरच मोठी करून दाखवते, एवढे सगळे मला कबूल करावे लागले. तेव्हा भाड्याने का आणत नाही, असा प्रश्न आला. मी ज्या प्रमाणात पहाटे उठतो, त्या प्रमाणात भाडे भरत राहिलो, तर लेन्सची किंमत फिटायच्या आत मी सेवानिवृत्त होईन, हे गणित मी केले होते. ते मी सादर केले नाही.

आश्चर्य म्हणजे मंजुरी मिळाली. अट एकच होती : मेहुणीच्या मुलीच्या लग्नात घरच्या सगळ्यांचा एक एकत्र फोटो या नव्या लेन्सने काढायचा, म्हणजे पैसे कुठे गेले ते लोकांना कळेल. मी पुन्हा कागद ओढला. माणसांची रांग पाच मीटर रुंद धरली, तरी २०० मिलिमीटरला ती चौकटीत बसवायला मला बेचाळीस मीटर मागे जावे लागते. मंगल कार्यालयाचा मांडव, फाटक आणि पूर्ण रस्ता ओलांडून मी समोरच्या रसवंतीत उभा राहिलो तरच हा फोटो निघतो, आणि तोही मध्ये उसाची ट्रॉली आली नाही तर.

“मग अक्षताही तिथूनच टाकणार का?” त्यांनी विचारले.

रसवंतीवाल्याशी मी बोलून ठेवले आहे.