गाय की अडथळा?

आज शाळेने पणजीला पाठवलं होतं. विषय : गोवा एआय हब कसा होणार. गारेगार हॉल, पडद्यावर निळ्या रेघांनी चमचमणारा गोव्याचा नकाशा. त्यात आपली डिचोली शोधावी लागली. वक्ते दीड तास बोलले. 'इकोसिस्टिम' किती वेळा म्हणतात ते मी मोजत होतो, बाविसाव्याला नाद सोडला. बाहेरून टॅलेंट येणार, बाहेरून पैसा येणार. सगळं बाहेरून. आमच्या पोरांचं काय, हे विचारायला हात वर केला तर चहा आला होता.

घरी येतो तर भाची सोप्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन रडवेली बसलेली. बीसीए झालेली पोर. दोन वर्षं अर्ज करून दमली, आता घरबसल्या काम करते. कसलं? एआयचंच! यंत्राला ओळखायला शिकवण्यासाठी रस्त्यांचे फोटो येतात. त्यातल्या प्रत्येक गाडीभोवती, माणसाभोवती माऊसने चौकट ओढायची आणि नाव द्यायचं. फोटोमागे रुपयाही सुटत नाही. आज भर रस्त्यात बसलेली गाय आली. हिने लिहिलं 'प्राणी'. तपासणाऱ्याने लाल शेरा मारला : हलत नाही, सबब 'अडथळा'. अख्खी बॅच परत, पैसे शून्य. "मामा, बघ ना, शेपूट हलवतेय ती!" मी चष्मा पुसून बघितलं. शेपटीचा गोंडा खरंच हवेत होता.

मघापासून डोकं तापलंय ते यासाठी.

टोरांटोला आज जग एआयचं शहर म्हणतं. ते काय पडद्यावर नकाशा दाखवून झालं? जेफ्री हिंटन तिथल्या विद्यापीठात 1987 साली गेले. न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर शिकणारं संगणकी जाळं, म्हटलं की लोक तोंड फिरवायचे, त्या काळात हा माणूस तेच शिकवत राहिला. मध्ये तीनेक वर्षं लंडनला गेला, तरी विद्यापीठाने त्याला परत घेतलं. 2012 साली त्यांनी दोन विद्यार्थ्यांसोबत फोटो ओळखण्याची ती प्रसिद्ध स्पर्धा मारली आणि पुढच्याच वर्षी गूगलने त्यांची इवलीशी कंपनी विकत घेतली. पंचवीस वर्षं! आपल्याकडे पंचवीस वर्षं एक खातं तरी एका माणसाकडे राहतं का?

आणि त्या स्पर्धेतले फोटो कोणी ओळखून दिले होते? स्पर्धेसाठी वापरलेल्या इमेजनेट या संग्रहातल्या लाखो फोटोंना नावं दिली ती शंभराहून जास्त देशांतल्या, इंटरनेटवर चिल्लर पैशांत काम करणाऱ्या माणसांनी. माझ्या भाचीसारख्याच. हिंटनना 2024 साली नोबेल मिळालं, मिळायलाच हवं होतं. पण त्या नावं देणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला माहीत आहे?

बंगळूरचंही तेच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन चिप कंपनी 1985 साली तिथे आली, पण भारतीय विज्ञान संस्था 1909 पासून उभी होती. नंतर मलई कोणी खाल्ली? ज्यांच्याकडे जमीन होती त्यांनी. बेळ्ळंदूरच्या तळ्याला आग लागली. पाण्याला आग! विशाखापट्टणमला गूगलने ऑक्टोबर 2025 मध्ये पाच वर्षांत 15 अब्ज डॉलर ओतायचं जाहीर केलं, एक गिगावॅटच्या डेटा सेंटरसाठी. बांधताना माणसं लागतील, मान्य. पण एकदा डेटा सेंटर उभं राहिलं की तिथे यंत्रं जास्त आणि माणसं कमी. वीज आणि पाणी मात्र रात्रंदिवस.

आपल्याकडे वीज कुठाय? मोठी म्हणावी अशी आपली निर्मितीच नाही, सगळी बाहेरची. तमनार प्रकल्पाच्या वीजवाहिनीसाठी मोलेच्या जंगलातली झाडं जाणार म्हणून 2020 साली आपण मेणबत्त्या घेऊन उभे होतो, विसरलात? आणि आमच्याकडे पावसाचे चार थेंब पडले की लाईट जाते. गेल्या महिन्यात भाचीचं दोन तासांचं काम असंच गेलं. 'वेळ संपली' एवढाच निरोप.

आता कोणीतरी म्हणणारच, सर, आयआयटीसाठी जागा मागितली तेव्हा शेळ-मेळावलीत नको म्हटलं, कोडारलाही नको म्हटलं, ते आपलेच लोक ना? होय, आपलेच. मीही तेव्हा त्यांच्याच बाजूने लिहिलं होतं. 2016 पासून ती फर्मागुढीत दुसऱ्याच्या आवारात बिऱ्हाड करून आहे, याची थोडी लाज मलाही वाटते. पण सुपारी-नारळाचं कुळागर आणि काजूची बाग गमावणाऱ्याला विचारलं तरी होतं का कोणी? बस, या विषयावर एवढंच.

जाऊ दे. जरा जास्तच चिडलो. ते वक्ते तरुण होते, बिचारे मनापासून बोलत होते, जेवणाआधी माझ्याशी नीट दोन शब्दही बोलले. भाचीबद्दल सांगितलं तर म्हणाले, "ग्रेट, म्हणजे ती ऑलरेडी इकोसिस्टिममध्ये आहे!" तेविसावा.

हे लिहितोय तोवर ती आत चहा करून आली आणि नवीन बॅच उघडून बसली. चौथ्याच फोटोत परत गाय, कुठल्या तरी गावातल्या तिठ्यावर पाय मुडपून बसलेली. तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही. तिने चौकट ओढली, शिंगांसकट अगदी नेटकी, आणि लिहिलं 'अडथळा'.

पुढचा फोटो.